सोनोग्राफी आणि न विचारलेले प्रश्न

सोनोग्राफी हा शब्द आमच्या सातारा-सांगलीकडे जरा दबक्या आवाजातच निघतो. कारण उघड आहे. 2001 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली साताऱ्यात 878, तर सांगलीत 851. 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात 'नकुशी' नावाच्या 285 मुलींचं समारंभ करून पुन्हा बारसं करावं लागलं. 2017 मध्ये म्हैसाळजवळ 19 भ्रूण पुरलेले सापडले. असो, हे तुम्हाला माहीतच आहे.

पण आपण या यंत्राला 'मुलगा की मुलगी?' एवढंच इतक्यांदा विचारलं, की बाकीचे प्रश्न राहूनच गेले. आता नात्यात कुणाला विसाव्या आठवड्यात 'बाळाच्या फुफ्फुसात गाठ दिसतेय' असं सांगितलं, की घरात पहिला प्रश्न येतो, "मग पाडायचं का?" म्हणून हे लिहितोय.

ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी 1958 मध्ये ध्वनिलहरींनी पोटातलं चित्र दाखवलं. पुढे त्यात गर्भाची फुफ्फुसंही दिसू लागली. फुफ्फुसातल्या या गाठी कित्येकदा शेवटच्या तीन महिन्यांत लहान होतात. काही मात्र वाढून हृदयाला ढकलतात, बाळाच्या अंगात पाणी साठतं. धोका तिथे. सॅन फ्रान्सिस्कोच्या मायकेल हॅरिसन यांच्या पथकाने गर्भाशय उघडून अशी गाठ काढल्याचं 1990 मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे लक्षात आलं, की बारीक पिशव्यांच्या गाठीत आईला बीटामेथासोनची इंजेक्शनं देऊनही बऱ्याचदा काम भागतं!

हे औषध आधी दुसऱ्याच कामाचं. ऑकलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी 1972 मध्ये दाखवलं, की ते आईला दिलं तर अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जन्मल्यावर श्वासाचा त्रास कमी होतो. त्याच जातीचं डेक्सामेथासोन उपकेंद्रातल्या नर्सबाईंनीही द्यावं, अशी केंद्र सरकारची सूचना 2014 मध्ये निघाली. म्हणजे जत-माणपर्यंत यायला, कागदावर का होईना, 42 वर्षं लागली.

आणि कायदा? महाराष्ट्राने तो देशात सर्वांत आधी, 1988 मध्ये केला. केंद्राचा 1994 चा. मनाई लिंग शोधायला आणि सांगायला आहे. जन्मजात दोष शोधणं हा तर कायद्याने मान्य केलेला उपयोग.

तेव्हा असा रिपोर्ट आला तर घाबरून निर्णय घेऊ नका. डॉक्टरांना विचारा: गाठ केवढी आहे? हृदय सरकलंय का? पाणी साठलंय का? पुढची सोनोग्राफी कधी? बाळंतपण नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणी करायचं का? हे प्रश्न विचारायला कुठलाच कायदा आड येत नाही.