इंग्रजीतील वाक्यात्मक पूरके : स्वरूप आणि अध्यापनक्रम

क्रियापदाची आकांक्षा ज्याने पुरी होते ते पूरक. शालेय व्याकरणात ही संज्ञा बहुधा ‘शी इज अ डॉक्टर’ यातील ‘अ डॉक्टर’सारख्या पदांपुरती राखतात, येथे ती व्यापक अर्थाने घेतली आहे. ही आकांक्षा स्वतःचे क्रियारूप असलेल्या रचनेने पुरी झाली, की ती रचना वाक्यात्मक पूरक होय. क्रियेचा हेतू, काळ किंवा कारण सांगणारी रचना क्रियापदाने मागितलेली नसते. म्हणून ती पूरक नव्हे.

रूपावरून मुख्य प्रकार चार : (१) ‘दॅट’युक्त, (२) प्रश्नगर्भ, (३) ‘टू’युक्त, (४) ‘इंग’प्रत्ययान्त. पहिल्या दोहोंतील क्रियापद बहुधा कालवाचक असते, उरलेल्या दोहोंतील नसते. ‘मेक’ आणि ‘लेट’ यांच्यामागून येणारे ‘टू’विरहित रूप तिसऱ्याचाच उपप्रकार मानावे.

कोणते रूप यावे हे मुख्य क्रियापद ठरवते, आणि मराठी भाषक विद्यार्थ्याची अडचण नेमकी येथे आहे. ‘मला पोहायला आवडते’, ‘मी पोहायला शिकलो’, ‘त्याने मला थांबायला सुचवले’ या तिन्ही ठिकाणी मराठीला एकच ‘-आयला’ पुरते. इंग्रजीत मात्र ‘एन्जॉय’ला ‘स्विमिंग’ लागते, ‘लर्न’ला ‘टू स्विम’ चालते, आणि ‘सजेस्ट’ला ‘मी टू स्टे’ मुळीच चालत नाही. तेथे ‘दॅट आय स्टे’ किंवा ‘स्टेइंग’ हवे. उलट, ‘मी जावे असे त्याला वाटते’ या वाक्यातील कालवाचक गौणवाक्य विद्यार्थी ‘ही वाँट्स दॅट आय शुड गो’ असे जसेच्या तसे नेतो. ‘वाँट’ला ‘मी टू गो’ लागते.

अर्थावरून नियम बांधता येतो का? ‘टू’ पुढे घडायच्या क्रियेकडे आणि ‘इंग’ घडलेल्या वा अनुभवलेल्या क्रियेकडे झुकते, असे म्हणतात. ‘रिमेंबर टू लॉक’ म्हणजे कुलूप लावण्याचे भान ठेवणे, ‘रिमेंबर लॉकिंग’ म्हणजे लावल्याचे आठवणे. येथपर्यंत नियम टिकतो. परंतु ‘पोस्टपोन’ आणि ‘कन्सिडर’ यांची क्रिया पुढची असूनही त्यांना ‘इंग’च लागते, तर ‘मॅनेज’ची क्रिया साधलेली असूनही तेथे ‘टू’ येते. म्हणून हा नियम स्मरणाचे साधन आहे, निर्णयाचे नव्हे. ‘रिमेंबर’सारख्या जोड्यांत अनेक पुस्तके ‘स्टॉप’ही घालतात; ते चुकीचे आहे. ‘ही स्टॉप्ड टू टॉक’ यातील ‘टू टॉक’ हेतुवाचक आहे, पूरक नव्हे. मराठी विद्यार्थ्याला हा भेद नव्याने शिकवावाच लागत नाही : ‘तो बोलायला थांबला’ आणि ‘तो बोलायचा थांबला’ यांतील अंतर तो जाणतो.

अध्यापनाचा क्रम यावरूनच ठरतो. प्रथम ‘दॅट’ घ्यावे, कारण ‘की’ची रचना त्याच्याशी जुळते, मात्र ‘तो येईल असे मला वाटते’ यात मराठी गौणवाक्य आधी येते, इंग्रजी पूरक नंतर, हे दाखवावे. मग प्रश्नगर्भ पूरक. ‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही’ ही चूक मराठीतून येत नाही. स्वतंत्र प्रश्नात शिकलेली उलटापालट येथेही केल्याने ती घडते. तिसऱ्या टप्प्यात ‘टू’. त्यातही ‘आस्क’ आणि ‘टेल’ यांच्यासारखी मध्ये व्यक्ती घेणारी क्रियापदे वेगळी काढावीत. शेवटी ‘इंग’, आणि त्यासोबत ‘लुक फॉरवर्ड टू’. येथील ‘टू’ शब्दयोगी आहे, म्हणून ‘मीटिंग’ हवे, ‘मीट’ नव्हे.

ए. एस. हॉर्नबी यांनी 1954 च्या आपल्या ग्रंथात क्रियापदांच्या 25 रचना लावून दाखवल्या. त्यांची मांडणी पाठ करण्यास अवजड आहे, पण तत्त्व योग्य आहे : क्रियापद त्याच्या पूरकासह नोंदवावे. आपल्याकडील वाक्य-पृथक्करणाचा अभ्यास याच्या उलट दिशेने जातो. तो तयार वाक्यातील नामवाक्य ओळखायला लावतो. ‘सजेस्ट’नंतर काय लिहावे हे सांगत नाही. म्हणून पृथक्करणात पूर्ण गुण मिळवणारा विद्यार्थीही ‘ही सजेस्टेड मी टू गो’ लिहितो. शब्दार्थांच्या वहीत ‘सजेस्ट : सुचवणे’ एवढेच लिहून घेणारा शिक्षक ही चूक स्वतःच शिकवत असतो.