चवड्यांवर चालणे, मुलांमधील

टाच जमिनीला न टेकवता पावलाच्या पुढच्या भागावर, म्हणजे चवड्यांवर भार देऊन चालण्याची लकब. नुकतेच चालू लागलेले मूल अधूनमधून असे चालते आणि त्यात काळजीचे काही नसते. साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत आधी टाच टेकून मग चवड्यावर भार नेण्याची चाल पक्की होते. त्यानंतरही दोन्ही पायांनी चवड्यांवर चालणे सुरू राहिले आणि तपासणीत मेंदू, मज्जारज्जू, स्नायू किंवा हाडांचा विकार आढळला नाही, तर ‘इडिओपॅथिक टो वॉकिंग’ असे निदान केले जाते. इतर सर्व कारणे वगळल्यावरच हे निदान करता येते.

प्रमाण व स्वाभाविक वाटचाल : स्वीडनमधील ब्लेकिंगे प्रांतात साडेपाच वर्षांच्या १,४३६ मुलांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी २·१ टक्के मुले तेव्हाही चवड्यांवर चालत होती, तर २·८ टक्के मुलांची सवय त्याआधीच सुटली होती. या दोन्ही गटांतील ज्या मुलांत दुसरे कारण सापडले नव्हते, त्यांपैकी ७९ टक्के मुलांची चाल दहाव्या वर्षापर्यंत उपचारांविना सुधारलेली आढळली. पालकांना धीर देणारी ही सर्वांत भक्कम माहिती आहे.

कारणे : टोरँटो येथील हॉल, सॉल्टर व भल्ला या डॉक्टरांनी १९६७ मध्ये अशा मुलांचे वर्णन करताना टाचेमागची अकिलीस कंडरा जन्मतःच आखूड असते, असे मत मांडले. मात्र बऱ्याच मुलांचा घोटा सुरुवातीला पुरेसा वाकतो; टाच वर्षानुवर्षे न टेकल्यामुळे पोटरी व कंडरा पुढे ताठरतात. अनेकदा आई, वडील किंवा जवळचे नातलग लहानपणी असेच चालत असल्याचे कळते, त्यामुळे आनुवंशिकतेचा वाटा असावा असे मानले जाते. स्वमग्न मुलांत आणि विकास मंदावलेल्या मुलांत हे प्रमाण बरेच जास्त असते. परंतु केवळ चवड्यांवर चालण्यावरून स्वमग्नतेचे निदान होत नाही; बोलणे, नजर देणे, इतरांत मिसळणे हेही पाहावे लागते.

वगळायचे विकार : सेरेब्रल पाल्सीत पायांचे स्नायू कडक असतात, मूल उशिरा चालू लागते व मुदतीपूर्वी जन्माचा इतिहास अनेकदा असतो. ड्यूशेन स्नायुविकृती प्रामुख्याने मुलग्यांना होते. त्यात पोटऱ्या फुगीर दिसतात आणि जिने चढताना त्रास होतो. जमिनीवरून उठताना मूल आधी ओणवे होते, मग एकेक हात गुडघ्यावर, नंतर मांडीवर रेटत स्वतःचेच अंग उभे करते. असे दिसल्यास रक्तातील क्रिएटीन कायनेज तपासतात. मज्जारज्जू खाली अडकलेला असल्यास कमरेच्या मध्यभागी केसांचा झुबका किंवा खळगा दिसू शकतो आणि लघवी-शौचावरचा ताबा बिघडू शकतो. एकाच पायाच्या चवड्यावर चालणाऱ्या मुलात पायांच्या लांबीतील फरक आणि मेंदूचे विकार शोधावे लागतात.

तपासणी : मुलाला अनवाणी चालवून, पळवून व उकिडवे बसवून पाहतात. कंडरा आखडलेली असल्यास टाचा टेकवून उकिडवे बसता येत नाही. मूल मागे कलंडते किंवा टाचा उचलते. चपलेचा तळ पुढच्या बाजूला अधिक झिजलेला असतो. घोटा किती वर वाकतो हे गुडघा सरळ व वाकवून अशा दोन्ही स्थितींत मोजतात. गुडघा वाकवल्यावर घोटा मोकळा होत असेल, तर ताठरपणा पोटरीच्या वरच्या, गुडघ्यापलीकडून निघणाऱ्या स्नायूत असतो. दोन्ही वेळा अडत असेल, तर खालचा स्नायू किंवा कंडराही आखडलेली असते. स्वीडिश अस्थिशल्यविशारद सिल्फव्हरशोल्ड यांच्या नावाने ही चाचणी ओळखली जाते. प्रतिक्षेप, स्नायूंची ताकद आणि पाठीचा कणाही तपासतात. सर्व काही ठीक असल्यास एक्स-रे किंवा एमआरआयची गरज सहसा नसते.

उपचार : घोटा मोकळा असल्यास दर काही महिन्यांनी तपासणी व पोटरीचा ताण-व्यायाम एवढेच पुरते. गुडघा सरळ ठेवून, टाच हातात धरून पाऊल हळूहळू वर वाकवायचे आणि काही सेकंद तसेच धरायचे. दुखेल इतका जोर लावू नये. टाचांवर चालणे, चढावर चालणे, उकिडवे बसून खेळणे हे खेळ म्हणून करवून घेता येतात. घोटा आखडू लागल्यास पाऊल काटकोनात धरणारा ‘एएफओ’ नावाचा प्लास्टिकचा स्प्लिंट देतात. पुढची पायरी म्हणजे गुडघ्याखालचे, घालून चालता येईल असे प्लास्टर. ते दर एक-दोन आठवड्यांनी बदलून पाऊल थोडे थोडे वर आणले जाते. यासोबत बोटुलिनम टॉक्सिनची इंजेक्शने देऊन अधिक फायदा होत नाही, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडिश चाचणीत दिसले.

कंडरा कायमची आखडली व इतर उपाय निष्फळ ठरले, तरच शस्त्रक्रिया करतात. पोटरीच्या स्नायूचे आवरण किंवा अकिलीस कंडरा लांबवली जाते. ती प्रमाणाबाहेर लांबली तर पोटरीचा जोर कमी होऊन मूल गुडघ्यांत वाकून चालू लागते. हा दोष दुरुस्त करणे कठीण असते, म्हणून घाई करत नाहीत. कोणत्याही उपचारानंतर काही मुले पुन्हा चवड्यांवर चालू लागतात. २०१९ च्या कॉक्रेन समीक्षेनुसार या उपचारांमागील पुरावा अद्याप फारच अपुरा आहे.

पालकांसाठी : ‘टाच टेकव’ म्हणून सतत टोकणे, रागावणे किंवा जड बूट घालणे यांनी चाल सुधारत नाही, मूल मात्र संकोचते. तिसऱ्या वर्षानंतरही सवय टिकली, तर बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवावे. एकच पाय चवड्यावर पडणे, आधी नीट चालणारे मूल अचानक चवड्यांवर चालू लागणे, वारंवार पडणे, उठताना हातांचा आधार घेणे किंवा शिकलेले कौशल्य गमावणे यांपैकी काहीही दिसल्यास वयाची वाट पाहू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत अशी तपासणी मोफत होते.