शिंगरोबाचा घाट

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. गेल्या आठवड्यात नातू आला होता. डिप्लोमाचं दुसरं वर्ष चालू आहे. एका ठेकेदाराकडे साइट सुपरवायझरची जागा मिळतेय, म्हणून शिक्षण सोडायचं म्हणतो. "आजोबा, संधी परत येत नाही," हे त्याचं पालुपद. घरात दोन तट पडले. मी इतिहासाचा मास्तर, तेव्हा बोरघाटात शिरलो.

खोपोलीहून जुन्या रस्त्याने वर जाताना शिंगरोबाचं देऊळ लागतं. साहेबाला घाटातली वाट सापडेना, ती एका धनगराने दाखवली. बक्षीस म्हणून त्याने देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि गोळी खाल्ली, अशी आख्यायिका. वाट रेल्वेची की रस्त्याची, यावरही एकमत नाही. शाळेत ही गोष्ट मी वर्षानुवर्षं रंगवून सांगितली. साहेब अडाणी आणि धनगर शहाणा, एवढंच त्यातून मुलांच्या डोक्यात जायचं. साहेबाने काय केलं ते मी निवृत्तीनंतर वाचलं. लाज वाटली थोडी.

जेम्स बर्कली हा जीआयपी रेल्वेचा मुख्य इंजिनियर १८५० साली मुंबईत आला. आधीचा विचार माळशेज घाटाचा होता. बर्कलीने मोजण्या करून तो बाजूला ठेवला आणि थळ व बोर हे दोन घाट धरले. १८५३ ला ठाण्यापर्यंत गाडी धावली, १८५४ ला कल्याण, १८५६ ला थेट आपल्या खोपोलीपर्यंत. तिकडे खंडाळा ते पुणे १८५८ ला सुरू झालं. मधला घाट मात्र रिकामा! माणसं खोपोलीला उतरून पालखीने नाहीतर तट्टावरून खंडाळ्याला चढत आणि पुढची गाडी धरत. लोकांनी किती नावं ठेवली असतील विचार करा. पण डोंगर कळल्याशिवाय सुरुंग लावायचा नाही, हा बर्कलीचा खाक्या. घाटाचं काम १८५६ मध्ये सुरू झालं आणि १८६३ मध्ये संपलं. सुमारे १६ मैलांत १८३१ फूट चढ, २५ बोगदे. एका जागी वळण बसेचना, तिथे गाडी थांबवून उलट दिशेने काढायची सोय केली. ती १९२९ पर्यंत चालली. बर्कली मात्र १८६२ लाच गेला, वय जेमतेम बेचाळीस.

इथे नातवाने मला पकडलं. ठेकेदार ट्रेडवेल १८५९ मध्ये आला आणि काही दिवसांत वारला, तेव्हा त्याच्या बायकोने, ॲलिसने, ठेका पुरा केला. ती कुठे इंजिनियरिंग शिकली होती? खरं आहे. पण तिने काम सोपवलं ॲडमसन आणि क्लाउझर या जाणत्या माणसांवर. आपल्याला काय येत नाही हे तिला ठाऊक होतं.

आणि दुसरी बाजूही आहे. मोजणी पक्की, पण एवढ्या कामाला मुरलेले गवंडी आणायचे कुठून? ऐन भरात हजारो माणसं घाटात राबत होती, पटकीने मरत होती. १८६७ च्या जुलैत घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला. दोष निघाला बांधकामात. असो.

नातू शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "आजोबा, त्या धनगराला तर सगळा डोंगर पाठ होता. त्याला काय मिळालं?"

मला उत्तर सुचलं नाही. एवढंच म्हणालो, की त्याच्याकडे सर्टिफिकेट नव्हतं. तो हसला.

काल कर्जतला त्याला गाडीत बसवून दिलं. मागे घाटाची इंजिनं लागेपर्यंत दोघांनी वडे खाल्ले. पुढच्या सेमिस्टरची फी भरायची मुदत सोमवारपर्यंत आहे. अजून फोन आलेला नाही.