मुक्तांबाळेचे छत्र आणि वार्धक्यातील एक व्यथा

तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाताना ओरत्तनाडु हे गाव लागते. रामेश्वराच्या यात्रेकरूंची ही जुनी वाट. तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी यांनी आपली दिवंगत सहचरी मुक्तांबाळ हिच्या स्मरणार्थ येथे मोठे छत्र उभारले आणि गावाला मुक्तांबाळपुरम् हे दुसरे नाव मिळाले.

सरफोजी 1798 साली गादीवर आले. पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. सत्ता गेली; परंतु छत्रे चालू राहावीत याची चिंता राजांनी सोडली नाही. 1801 साली इंग्रज रेसिडेंटास लिहिलेल्या पत्रात त्यांनी छत्रांच्या कार्याचे सविस्तर वर्णन केले आहे. तेथे जातपात न पाहता वाटसरूंना अन्न मिळे. कोणी आजारी पडला, तर तो बरा होईपर्यंत औषध आणि पथ्याचा आहार दिला जाई, आणि त्यासाठी वैद्य नेमलेले असत. परक्या मुलुखात दुखणे आले, तर ते सांगावे कोणाला, या प्रश्नाचे उत्तर या छत्रांनी दिले होते.

श्रोतेहो, यात्रा ही पूर्वी बहुधा उतारवयात घडे. आणि या वयात पुरुषांना एक व्यथा हमखास गाठते. मूत्राशयाच्या मुखाशी, मूत्रमार्गाला वेढून, अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. तिला पुरःस्थ किंवा प्रोस्टेट ग्रंथी म्हणतात. वय वाढते तशी ती वाढते. साठीपर्यंत सुमारे निम्म्या पुरुषांत तिची वाढ आढळते. मग लघवीची धार बारीक होते, रात्री वारंवार उठावे लागते, आणि एखादे वेळी लघवी अजिबात अडते. ही वाढ कर्करोग नव्हे; मात्र कर्करोगही याच ग्रंथीत होऊ शकतो, म्हणून तपासणी आवश्यक ठरते.

ही व्यथा आपल्या वैद्यांना अपरिचित नव्हती. सुश्रुताने मूत्राघाताचे बारा प्रकार सांगितले आहेत. त्यांतील वाताष्ठीलेचे वर्णन असे, की गुद आणि मूत्राशय यांच्यामध्ये दगडासारखी घट्ट, उंच आलेली गाठ होते आणि मलमूत्राचा अवरोध करते. ग्रंथीचे स्थान पाहता हे वर्णन वाचून आजच्या शल्यवैद्यालाही नवल वाटेल. सरफोजींनी तंजावरास धन्वंतरी महाल स्थापून देशी औषधांबरोबर पाश्चात्त्य वैद्यकालाही स्थान दिले आणि अनुभवास उतरलेले उपचार लिहून ठेवविले. त्यांतून ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ ही तमिळ ग्रंथमाला आपल्या हाती आली.

तथापि त्या काळी लघवी अडली, की काढे, शेक आणि फार तर धातूची नळी, याच्या पुढे फारसा इलाज नव्हता. खरा पालट शंभर वर्षांनी झाला. त्यात भाग घेणारे पीटर फ्रेयर हे हिंदुस्थानातच मुतखड्याच्या शस्त्रक्रियांनी नावाजलेले होते. वीस वर्षांहून अधिक काळ येथे सैनिकी वैद्यकीय सेवेत काढून ते विलायतेस परतले, आणि 1900 साली लंडनमध्ये त्यांनी मूत्राशय उघडून वाढलेली ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया केली. 1945 साली टेरेन्स मिलिन यांनी मूत्राशयाला धक्का न लावता ती काढण्याची रीत प्रसिद्ध केली. दरम्यान, मूत्रमार्गातूनच उपकरण घालून ग्रंथी आतून कोरण्याची पद्धत रूढ झाली. तीत पोटावर चिरा द्यावा लागत नाही. आज त्याच वाटेने लेसर किरणांनीही काम होते.

पुष्कळांना तर शस्त्रक्रियाच लागत नाही. मूत्राशयाच्या मुखाचे स्नायू सैल करणारी औषधे थोड्याच दिवसांत आराम देतात. ग्रंथी आक्रसवणाऱ्या औषधांचा गुण यायला मात्र काही महिने लागतात. त्रास सौम्य असेल, तर झोपण्यापूर्वी पाणी कमी पिणे आणि काही काळाने पुन्हा तपासून घेणे एवढेही पुरते. लघवीतून रक्त जाणे किंवा ती पूर्ण अडणे, ही मात्र विलंब न करण्याची लक्षणे होत.

उपाय आहेत, उणीव आहे ती बोलण्याची. माझ्या परिचयाचे एक निवृत्त गृहस्थ रामेश्वराला निघाले. त्रास वर्षभराचा, परंतु तो मुलालाही सांगण्याचा संकोच. प्रवासात उठावे लागू नये म्हणून त्यांनी पाणी पिणे जवळजवळ बंद केले. वर सर्दीची गोळी घेतली. अशा काही गोळ्यांनी मूत्राशयाचे मुख आणखी आवळले जाते. मध्यरात्री गाडीतच लघवी अडली. पुढच्या स्थानकावर उतरून इस्पितळात नळी घातली, तेव्हा जीव वाचला. ते मला म्हणाले, “दुखण्याने नव्हे हो, लाजेने मारले असते मला.”

छत्रातील वैद्यापुढे अनोळखी वाटसरूही आपले दुखणे सांगू शके, कारण ते ऐकून घेण्यासाठीच तो तेथे बसलेला असे. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना तेवढा तरी आधार वाटावा. रात्री ते तीन-चारदा उठत असतील, तर मुलाने आपण होऊन विचारावे, “बाबा, उद्या डॉक्टरांकडे जाऊ या का?”