धैर्यधर कोणाचा?

गिरगावातल्या चाळीचा जिना चढून तुम्ही दुसऱ्या मजल्यावर येता, तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं असतं. बाहेर १९२१चा पाऊस. गॅलरीत सात-आठ जण दाटीवाटीनं बसलेत, मध्ये पानाचं तबक. आवाज इतके चढलेत की खालच्या बिऱ्हाडातली बाई दोनदा ओरडून गेली आहे. तुमच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. पण तुमच्या खिशात तिकीट आहे हे कळताच जागा होते.

शुक्रवारी, ८ जुलैला, ग्रँट रोडच्या बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’ हे संगीत नाटक आहे. नायिका भामिनी झालेत नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व. नायक सेनापती धैर्यधर, ‘ललितकलादर्श’चे केशवराव भोसले. एरवी एकमेकींच्या खेळांवर डोळा ठेवून असणाऱ्या दोन मंडळ्या एका पडद्यामागे येणार आणि उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला जाणार.

“भामिनीबद्दल चर्चाच नको,” अण्णा बजावतात. १२ मार्च १९११ला मानापमानाच्या पहिल्या खेळाला ते हजर होते. त्याच दिवशी नारायणरावांची लहान मुलगी गेली आणि तरी रात्री ते भामिनी होऊन उभे राहिले. अण्णा हे सांगतात तेव्हा गॅलरी गप्प होते. बाईही खालून ऐकत असावी. मग ते पानाला चुना लावत मूळ मुद्द्यावर येतात, “आणि धैर्यधर म्हणजे नानासाहेब जोगळेकर. ते गेले, विषय संपला. केशवरावांचा आवाज तलवारीसारखा. भामिनीला लागेल तो.”

“सेनापतीचा आवाज तलवारीसारखा नसंल तर काय मोरपिसासारखा असावा?” कोपऱ्यातला कोल्हापूरकर फिस्कारतो.

इथून पुढे सगळे एकदम बोलतात. टेंब्यांनी या नाटकाला चाली दिल्या त्या पूरबच्या ठुमऱ्या-कजऱ्यांच्या वळणानं. साकी-दिंडीवर पोसलेल्या कानांना दहा वर्षांपूर्वी ती चैनच वाटली होती. भास्करबुवा बखल्यांच्या तालमीतल्या नारायणरावांच्या गळ्यात त्या विरघळतात. पण वझेबुवांकडे शिकलेले केशवराव? उंच पट्टी, झेपावणारी तान. ऑर्गन कोणाच्या सोयीनं धरायचा? सारंगी कोणत्या मंडळीची? रंगभूषेच्या खोलीत आरसा आधी कोणाला? हा शेवटचा प्रश्न हसण्यावारी जातो. खरं भांडण तिथंच असावं अशी तुम्हाला शंका येते.

खादीची टोपी घातलेला एक पोरगा वैतागतो. स्वराज्यासाठी वर्गणी आणि भामिनीच्या अंगावर शालू, वर अत्तराचा घमघमाट! पण श्रीमंतीच्या तोऱ्यात सेनापतीला नाकारणारी भामिनी नाटककार खाडिलकरांनी रंगवलीच आहे ना, तिला जाडंभरडं नेसवून अपमान कसा करवायचा? पोरगा गप्प होतो. मग एकदम म्हणतो, “केशवराव स्वतः रंगभूमीवर शारदा होते. मृणालिनी होते. बाईच्या नजरेला नजर कशी द्यायची हे त्यांना शिकवायला नको.”

तुमच्या मते त्या रात्रीचं सगळ्यात शहाणं वाक्य तेच. कोणी दाद देत नाही.

शुक्रवारी रस्त्यावर छत्र्याच छत्र्या. तुम्ही एक गुप्त काम घेऊन आला आहात: वन्स मोअर मोजायचे. कोण जिंकलं यावर तुमच्या घरात तीन पिढ्या वाद झाले. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं मावायचं, तिच्यात अख्खी रात्र कुठून येणार! म्हणून तुम्ही कागद-पेन्सिल काढता, दोन रकाने आखता. धैर्यधराच्या पहिल्या पदाला थिएटर उसळतं, तुम्ही रेघ मारता. भामिनी नुसती मान वेळावते आणि पहिल्या ओळीआधीच टाळी पडते. ती कोणत्या रकान्यात? पुढे एका तानेवर अण्णांचा हात वर जातो, अर्ध्यात थबकतो, मांडीवर येतो. केशवरावांची तान होती. कोल्हापूरकर तर भामिनीच्या पदात डोळे मिटून बसला आहे. तुमच्या रेघा एकमेकींवर चढतात. थोड्या वेळानं पेन्सिल खाली पडते आणि तुम्ही ती शोधत नाही.

खेळ सुटतो तेव्हा पहाट व्हायची आहे, पहिली ट्रामही निघालेली नाही. चालत गिरगावाकडे निघता. भांडण परत पेटलं आहे, पण आता दोघांचे घसे बसलेत. “सुरुवातीला धसमुसळा गायला,” अण्णा घोगऱ्या आवाजात म्हणतात. “भामिनी जरा जास्तच नटली व्हती,” कोल्हापूरकर फेडतो. मग तो तुमच्या छत्रीखाली येतो. “केशवरावांना पुढच्या म्हैन्यात एकतीस पुरी हुतील बघा. अजून तीस वर्षं ऐकणार आपण. आता दोघांचं सौभद्र लागलं पायजे.”

केशवराव गेले ती ४ ऑक्टोबर १९२१ ही तारीख तुम्हाला शाळेपासून ठाऊक आहे. अजून तीन महिनेही नाहीत. छत्री तुम्ही त्याच्याकडे थोडी जास्त कलती करता आणि विचारता, सौभद्राला कुठं बसणार?

“पुढं,” तो म्हणतो. “अण्णांच्या शेजारी. मागच्या बाकावरनं भांडता येत न्हाई.”