टाळी चुकीच्या जागी पडली तर?

(या आठवड्याच्या एपिसोडचा हा लिखित भाग. बोलताना जे अडखळलो ते गाळलंय, बाकी तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावलेत ना? आज आधी माझी एक फजिती ऐका.

काही वर्षांपूर्वी मी आयुष्यात पहिल्यांदा सिंफनी ऐकायला गेलो. मुंबईतला एक हॉल, तिकीट मित्राने दिलेलं, अंगात इस्त्रीचा शर्ट. ऑर्केस्ट्राने पहिला भाग असा काही दणक्यात संपवला की मी जोरात टाळ्या वाजवल्या. दोन टाळ्या झाल्यावर लक्षात आलं, अख्ख्या हॉलमध्ये वाजवणारा मी एकटाच! पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी वळून असं पाहिलं, की जणू मी चपला घालून देवळात शिरलोय. बहुतेक सिंफनींचे चार भाग असतात, त्यांना मूव्हमेंट म्हणतात, आणि शेवटचा संपेपर्यंत टाळी वाजवायची नाही, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. उरलेले तीन भाग मी काही ऐकले नाहीत. आता संपलं का, आता वाजवू का, एवढंच मोजत बसलो.

घरी आल्यावर हा नियम कुणी केला ते शोधायला लागलो. आणि गंमत बघा, ज्यांचं संगीत आपण असं श्वास रोखून ऐकतो, त्यातल्या बऱ्याच जणांच्या काळी हा नियमच नव्हता.

साल १७७८, पॅरिस. मोझार्ट बावीस वर्षांचा आहे. आईला सोबत घेऊन नोकरीच्या शोधात आलाय आणि नोकरी काही मिळत नाहीये. तिथल्या एका नावाजलेल्या कॉन्सर्टसाठी तो नवी सिंफनी लिहितो. १८ जूनला ती वाजते. पुढे वडिलांना लिहिलेल्या पत्रात तो त्या दिवसाचं वर्णन करतो. पहिल्या मूव्हमेंटच्या मध्येच त्याने एक जागा अशी ठेवली होती, जी लोकांना आवडणारच याची त्याला खात्री होती. ती आली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. संगीत चालू असताना, बरं का! हे होणार हे ओळखून त्याने तीच जागा शेवटी पुन्हा आणली होती. पुन्हा टाळ्या.

शेवटच्या मूव्हमेंटला तर त्याने लोकांची चक्क फिरकी घेतली. पॅरिसमध्ये शेवटचा भाग सगळी वाद्यं एकदम सुरू करून वाजवतात, असं त्याच्या कानावर आलं होतं. म्हणून त्याने सुरुवातीला फक्त व्हायोलिन ठेवली, तीही अगदी हळू, आठच बार. लोक एकमेकांना ‘शूऽऽ’ करायला लागले. आणि मग धाडकन सगळा ऑर्केस्ट्रा! त्याच क्षणी टाळ्या. कार्यक्रम संपल्यावर हा खूश होऊन बाहेर पडला, आइस्क्रीम खाल्लं, बोललेला नवस म्हणून जपमाळ ओढली आणि घरी गेला.

हे पत्र ३ जुलैचं आहे. त्याच रात्री त्याची आई वारली होती. वडिलांना एकदम धक्का बसू नये म्हणून पत्रात तो फक्त ‘आई फार आजारी आहे’ एवढंच लिहितो, आणि त्याच पत्रात या टाळ्यांची गोष्ट सांगतो. हे कळल्यावर मी बराच वेळ काही वाजवलं नाही, ना सिंफनी, ना दुसरं काही.

ऑपेराची तऱ्हा तर याहून मोकळी. आधी हा राजवाड्यांतला खेळ होता. १६३७ मध्ये व्हेनिसच्या सान कास्सियानो थिएटरात तिकीट काढून कुणालाही जाता येईल असा ऑपेरा सुरू झाला. पुढची दोनेकशे वर्षं इटलीतले श्रीमंत लोक बॉक्समध्ये बसून गप्पा मारायचे, खायचे, पत्ते खेळायचे, आणि आवडती गायिका पुढे आली की कान टवकारायचे. दुय्यम पात्राच्या गाण्याला चक्क ‘सरबताचं गाणं’ म्हणत, कारण तेवढ्या वेळात लोक सरबत घ्यायला उठायचे!

आणि वन्स मोअर? तो काही फक्त आपल्या संगीत नाटकांचा शौक नाही. १७८६ मध्ये व्हिएन्नात मोझार्टचा ‘फिगारो’ आला, तेव्हा तिसऱ्या प्रयोगाला सात गाणी पुन्हा घ्यावी लागली, त्यातलं एक छोटं युगुलगीत तर तीनदा. रात्र संपेना. शेवटी बादशहा योसेफने हुकूम काढला, की एकाहून जास्त गायकांचं गाणं पुन्हा घ्यायचं नाही.

मग हे सगळं गप्प कधी झालं? मुख्यतः एकोणिसाव्या शतकात, हळूहळू. मेंडेल्सोनने १८४२ च्या ‘स्कॉटिश’ सिंफनीचे भाग मध्ये न थांबता सलग वाजवावेत असं सांगितलं, मूड तुटू नये म्हणून. वाग्नरने बायरॉइटला स्वतःचं थिएटर बांधलं. १८७६ मध्ये ते सुरू झालं तेव्हा प्रेक्षागृहात अंधार आणि ऑर्केस्ट्रा रंगमंचाखाली लपलेला. बघायचं ते फक्त स्टेज. मालर १८९७ मध्ये व्हिएन्नाच्या ऑपेराचा प्रमुख झाला, आणि उशिरा येणाऱ्यांना खेळ चालू असताना आत घेणं त्याने बंद केलं.

यात वाग्नरचा किस्सा माझा सगळ्यात लाडका. १८८२ मध्ये त्याचा ‘पार्सिफल’ आला. मध्येच कलाकारांना पडद्याबाहेर बोलावू नका, एवढंच त्याचं म्हणणं होतं. लोकांना वाटलं, टाळ्याच नकोत. सगळे चिडीचूप. पुढच्या एका प्रयोगाला वाग्नर स्वतः बॉक्समध्ये येऊन बसला, आवडता प्रवेश संपल्यावर ‘ब्रावो!’ ओरडला, आणि लोकांनी त्यालाच गप्प केलं.

आता शांततेच्या बाजूनेही बोलायला हवं. काही सुरावटी इतक्या बारीक असतात की शेजारी वेफर्सचं पाकीट उघडलं तरी त्या मरतात. मला हॉलमधली ती शांतता आता आवडते. पण आपल्या मैफलीत समेवर ‘वा!’ निघतं, त्याने गाणाऱ्याला बळच मिळतं ना? पॅरिसचे लोक तेच करत होते. गोंधळ करत होते, आणि ऐकतही होते.

तेव्हा पहिल्यांदा जाणार असाल तर एकच युक्ती: कंडक्टरचे हात बघा. ते पूर्ण खाली आले आणि तो तुमच्याकडे वळला की वाजवा. आणि घरी, फोनवर, मोझार्टची एकतिसावी सिंफनी लावा, ‘पॅरिस’ नावाने सापडेल. थेट शेवटच्या मूव्हमेंटवर जा. सुरुवातीला आवाज कमी वाटेल. वाढवू नका, कानठळ्या बसतील. आठ बार थांबा.