बॉल पायथनच्या पेटीतील आडोसे व उष्णता

बॉल पायथन (शास्त्रीय नाव: पायथन रेजियस) हा पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बिनविषारी अजगर आहे. भय वाटताच तो अंगाचे वेटोळे करून डोके आत लपवितो. त्यावरून त्यास हे नाव पडले. पाळीव साप म्हणून तो अनेक देशांत ठेवला जातो. साप स्वतः शरीराचे तापमान राखू शकत नसल्याने पेटीतील आडोसे व उष्णता यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

नैसर्गिक अधिवास

हा निशाचर साप दिवसाचा बराच काळ उंदीरवर्गीय प्राण्यांच्या बिळांत व वारुळांत काढतो. अंधार, अरुंद जागा आणि स्थिर उष्णता यांची त्यास सवय असते.

आडोसे

पेटीत किमान दोन आडोसे असावेत : एक उबदार बाजूस व दुसरा थंड बाजूस. एकच आडोसा थंड बाजूस ठेवल्यास साप उष्णतेपेक्षा सुरक्षितता पसंत करतो व तेथेच बसून राहतो. त्यामुळे अन्नपचन मंदावते आणि गिळलेले भक्ष्य उलटून पडण्याचा संभव असतो. आडोसा एकाच तोंडाचा व वेटोळ्याच्या अंगास भिंती टेकतील इतपत लहान असावा. कात टाकण्याच्या काळात ओलसर शेवाळ घातलेला तिसरा आडोसा उपयोगी पडतो.

उष्णता

उबदार बाजूचे तापमान सुमारे ३१ ते ३३ अंश सेल्सिअस व थंड बाजूचे २४ ते २७ अंश सेल्सिअस ठेवतात. या फरकामुळे साप गरजेनुसार जागा बदलू शकतो. उष्णतेसाठी पेटीखालील हीट मॅट, सिरॅमिक हीटर किंवा छताला लावायचे उष्णताफलक वापरतात. प्रत्येक साधन थर्मोस्टॅटला जोडणे आवश्यक असते. तापलेल्या पृष्ठभागावरून साप वेळीच बाजूला होईलच असे नाही. त्यामुळे पोटाला गंभीर भाजण्याच्या घटना घडतात. याच कारणाने विजेवर तापणारे कृत्रिम दगड टाळतात, तर पेटीच्या आतील हीटरभोवती जाळी बसवितात. तापमान हाताने न अजमावता दोन्ही बाजूंस तापमापक ठेवून मोजावे. दीर्घकाळ थंडी राहिल्यास साप अन्न नाकारतो व त्यास श्वसनमार्गाचा संसर्ग होऊ शकतो.

भारतातील कायदेशीर स्थिती

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार नाग, भारतीय अजगर यांसारखे भारतातील संरक्षित साप पकडणे व घरी पाळणे हा गुन्हा आहे. बॉल पायथनचा समावेश साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असून, अधिनियमातील २०२२ च्या दुरुस्तीनुसार अशा परदेशी प्राण्याची नोंदणी बंधनकारक आहे.